तिला ऐकू येतं

३ जून

छकू,

टिकली येऊन आठवडा झाला, म्हणून आता सविस्तर लिहिते. तुझ्या नवऱ्याने तिला बसच्या कंडक्टरच्या ताब्यात दिलं होतं, एखादं पार्सल द्यावं तसं. उतरली तेव्हा एक मोजा पायात होता आणि दुसरा हातात. कंडक्टर म्हणाला, बाई, तुमची नात फार गुणी, वाटेत एक शब्द काढला नाही. भाची आहे असं मी सांगत बसले नाही. केस पांढरे झाल्यावर कुणी आजी केलं तर तक्रार कसली करायची.

फोन करायचा नाही हे मान्य. तुझा नवरा तुझा फोन चाळतो हे मला पटलेलं नाही, पण दुसरं लग्न तू केलंस, मी नाही. वॉर्डातल्या सिस्टरच्या नावाने पत्र पाठवत जाईन. मलाही पत्रच बरं. फोनवर तू निम्मं रडतेस आणि निम्मं गिळतेस.

आता पोरीचं. अकरा वर्षांची झाली तरी हाक मारली की वळत नाही. दूध पुढे ठेवलं तर त्याच्याकडे बघत बसते, दूधच तिला काही सांगत असल्यासारखी. काल पाढे म्हणायला बसवली. सातापर्यंत बरी आली, मग मध्येच थांबून भिंतीकडे बघून हसली. मी विचारलं, काय झालं हसायला? म्हणे, "लिफ्टवाली चुकली." आमच्या इमारतीला लिफ्ट नाही हे तुला माहीत आहे. तुमच्या लिफ्टमध्ये 'दार बंद होत आहे' म्हणणारी ती बाई हिच्याबरोबर बसने इथवर आली म्हणे. तिकीट कुणी काढलं ते विचारायचं राहिलं.

तीस वर्षं मी वर्गावर काढली आणि आता घरी शिकवणी घेते. लक्ष न देणारी कितीतरी पोरं माझ्या हातून सुतासारखी सरळ झाली. हिलाही करीन. पण आधी एक सांग, हिला ऐकू नीट येतं ना? तिला पाठवण्याआधी तू नुसतं 'थोडा त्रास आहे, डॉक्टरांना दाखवलंय' एवढंच म्हणालीस. कसला त्रास, डॉक्टर काय म्हणाले, ते स्पष्ट लिही. आणि तिच्या पिशवीत तू दिलेल्या डबीतल्या गोळ्या कसल्या, तेही लिही.

तुझी
ताई


१२ जून

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र सिस्टरने जेवणाच्या ताटाखालून दिलं. इथे नववा महिना लागेपर्यंत पडून राहायचं आहे. पाठीचं लाकूड झालंय. शेजारच्या खाटेवरची बाई परवा रिकाम्या हाताने घरी गेली, तेव्हापासून मी कूस बदलायलाही घाबरते.

तू विचारलंस ते सांगते. मार्चमध्ये तिला मोठ्या इस्पितळात नेलं होतं. डोक्यावर तारांची टोपी घातली, कानात टिंग टिंग आवाज सोडले आणि हातात एक बटण दिलं. मेंदूत काय चाललंय ते पडद्यावर रेघांनी उमटत होतं. डॉक्टर बराच वेळ तिच्याशी बोलल्या, माझ्याशीही बोलल्या. तिला ऐकू येतं, ताई. डॉक्टरांनी अगदी स्पष्ट सांगितलं, तिला ऐकू येतं. यापेक्षा जास्त मी कागदावर लिहीत नाही, सिस्टर पत्र उघडते असा मला संशय आहे. तू शिकलेली आहेस. शहाण्याला शब्दाचा मार.

यांना यातलं काही माहीत नाही. लग्नाआधी यांच्या आईने मला तोंडावर विचारलं होतं, पहिल्याची मुलगी अंगाने-डोक्याने नीट आहे ना? मी हो म्हणाले होते. तेव्हा ते खरं होतं, निदान मला तसं वाटत होतं. आता हे बाळ नीट पार पडलं की मग बघू. तोपर्यंत टिकली तुझ्याकडे राहिली तर माझा संसार राहील. तूच एक आहेस जिला मी हे सांगू शकते.

गोळ्या ताकदीच्या आहेत. पण एकही चुकवू नकोस.

तुझी
छकू


२४ जून

छकू,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. कानात दोष असता तर मी काय करणार होते? कान चांगले आहेत म्हटल्यावर पुढचं काम माझं. ऐकू येतं आणि तरी ऐकत नाही, याला हट्ट म्हणतात, आणि हट्टावरचं औषध मला ठाऊक आहे. डोक्याला तारा लावून एवढंच शोधायचं होतं तर माझ्याकडे आणायचीस, मी फुकट सांगितलं असतं.

फळ्याशेजारी भिंतीकडे तोंड करून एक स्टूल ठेवलंय. त्यावर टिकली. मी मागून एक वाक्य म्हणते आणि विचारते, "मी काय म्हणाले?" जसंच्या तसं सांगितलं तर पुढचं वाक्य. चुकलं तर स्टूलवर उभं राहायचं. परत चुकलं तर एका पायावर. माझ्या शाळेतली जुनी पद्धत आहे. वरच्या अधिकाऱ्यांनी ती बंद करायला लावली होती, पण माझ्या घराला वरचा अधिकारी नाही.

पहिल्या दिवशी मी म्हणाले, "नदी समुद्राला मिळते." मग, "मी काय म्हणाले?" तर म्हणे, "चौथा मजला." शिकवणीची सगळी पोरं हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून पोरं तिला चौथा मजलाच म्हणतात. मी अडवत नाही. लाज वाटली की लक्ष ठिकाणावर येतं. लिफ्टवालीचं नाव काढलं की त्या वेळचं जेवण बंद, असा नियम केलाय. दोनदा उपाशी राहिली, मग नाव काढणं कमी झालं.

त्या ताकदीच्या गोळ्या मात्र मी थांबवल्या. ताकदीची गोळी घेऊन पोर दुपारभर स्टूलवर पेंगते, हे कसलं ताकद येणं? कुणीतरी तुला गंडवलंय. त्याऐवजी रोज सकाळी एक अंडं देते.

तू निर्धास्त पडून राहा.

ताई


१० जुलै

प्रिय ताई,

गोळ्या थांबवू नकोस. कारण विचारू नकोस, पण थांबवू नकोस. ताकदीच्या म्हणजे आतल्या ताकदीच्या आहेत. झोप येते ती चांगलीच म्हणायची. मी तुला लिहिलं होतं ना, तिला ऐकू येतं म्हणून? तेच तेच परत काय लिहू?

ती लिफ्टवाली तशी वाईट नाही ग. कधी म्हणते पाऊल पुढे टाकू नकोस, कधी म्हणते दुधात काही पडलंय. तेवढं सोडलं तर नुसते मजले मोजत असते. टिकलीला तिची सवय झाली आहे. तू तिच्या वाटेला जाऊ नकोस.

यांनी टिकलीच्या खोलीला पिवळा रंग दिला. मुलगा असो की मुलगी, पिवळा चालतो म्हणे. तिची खाट वॉचमनला देऊन टाकली. देऊन झाल्यावर मला सांगितलं. मी म्हटलं, बरं केलंत, अडगळच होती. मग हे म्हणाले, एवढी शिकलेली मावशी आहे तर पोरीला कायमची तिकडेच ठेवू, इथे बाळाच्या रडण्यात तिचा अभ्यास कसला होणार? पोटात बाळ लाथा मारत होतं.

तिच्यावर फार ओरडू नकोस. थोडं ओरडलीस तर चालेल. आपल्यालाही आईने काही कमी झोडपलं नाही, आणि आपण काय बिघडलो?

छकू


२८ जुलै

छकू,

तोंड गोड कर, तुझी लेक सुधारली.

मी गोळ्या दिल्या नाहीत, आणि बघ, पेंगणं गेलं. आता तर डोळ्याला डोळा लागत नाही, पण या वयात फार झोप हवी कशाला? स्टूलवर ताठ बसते. "मी काय म्हणाले?" असं विचारायचा अवकाश, उत्तर तयार. काल तर मी विचारलंही नव्हतं. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होते, तोंड बंद, आणि ही खोलीतून मोठ्याने म्हणाली, "मी कामाची नाही. मी ओझं आहे. मला कुणी न्यायला येणार नाही." मी हात पुसत आत गेले. म्हटलं, हे कुणी शिकवलं तुला? म्हणे, "तूच आत्ता म्हणालीस ना. बरोबर सांगितलं की नाही?"

मी असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. रागाच्या भरात कधी म्हटलंही असेल. पण शब्द न शब्द ठाम, एक अडखळणं नाही. एवढं पाठांतर माझ्या पहिल्या नंबराच्या पोरांना जमत नाही, म्हणून मी तिला शाबासकी दिली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, "आता कोण म्हणालं?" मी म्हटलं, मीच, दुसरं कोण असणार इथे?

जेवताना तिचे ओठ हलत असतात. उजळणी चाललेली असते, म्हणून मी मध्ये बोलत नाही. लिफ्टवालीचा तर पत्ताच नाही. मी मुद्दाम विचारलं, कुठे गेली ग तुझी मैत्रीण? तर म्हणाली, "तू सारखी बोलत असतेस ना. तिला जागाच राहिली नाही." खरं सांगते छकू, ऊर भरून आला. तीस वर्षांत एका तरी पोराने माझं बोलणं इतकं मनावर घ्यावं, ही माझी इच्छा होती.

तुझ्या नवऱ्याने तिची खाट दिली ते मला रुचलं नाही. पण इथे तिला खाट आहे.

ताई


७ ऑगस्ट

छकू,

थोडक्यात लिहिते. काल शिकवणीची पोरं हस्तकला करत होती. टिकलीने डिंकाची बाटली घेतली आणि दोन्ही कानांत ओतली. मी बघितलं तेव्हा ती मान एकीकडे कलती करून शांत बसली होती, ओघळ गळ्यापर्यंत आलेले. मी ओरडले तर ती मोठ्याने रडू लागली आणि म्हणाली, "अजून येतंय. अजून येतंय."

कानाच्या डॉक्टरांनी तासभर धुऊन काढलं. कान शाबूत आहेत. त्यांनी तिला विचारलं, बेटा, असं का केलंस? तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "मावशीला बंद करत होते." डॉक्टर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. मी या गावात नाक वर करून चालणारी बाई. त्यांनी डबीवरचं नाव वाचलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत ते विचारलं आणि कपाळावर हात मारला. मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली आहे. उद्याच निघायचं आहे.

ताकदीची गोळी असली तर कुणी कपाळावर हात मारत नाही. तू माझ्यापासून काय लपवलंस?

ताई


२० ऑगस्ट

टिकलीच्या मावशींना नमस्कार.

लेखी द्या म्हणजे बहिणीपुढे ठेवता येईल, असं तुम्ही म्हणालात, म्हणून लिहिते आहे.

टिकलीला स्किझोफ्रेनिया आहे. लहान मुलांत तो फार क्वचित होतो, पण होतो. मार्चमध्येच मी हे तिच्या आईला सांगितलं होतं. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या, पण कागद न्यायला तयार झाल्या नाहीत. कुणी नसताना टिकलीला आवाज ऐकू येतात. ती ते बनवून सांगत नाही. तुमचं बोलणं तुम्हाला जितकं खरं वाटतं तितकाच तो आवाज तिला खरा असतो.

टोपीच्या तपासणीबद्दल तुम्ही विचारलंत. त्यावरून आजार ठरत नाही, तो बोलून आणि बघून ठरतो. आम्ही मुलांच्या लक्षाचा अभ्यास करतो, त्यातली ती तपासणी आहे. कानात टिंग, टिंग असा एकच आवाज येत राहतो आणि मध्येच वेगळा येतो, तेव्हा बटण दाबायचं. इतर मुलांचा मेंदू टिंगला सरावतो आणि वेगळा आवाज आला की दखल घेतो. पडद्यावरच्या रेघेत तिथे उंचवटा दिसतो. टिकलीचा उंचवटा मार्चमध्येही बसका होता. कशाकडे लक्ष द्यायचं आणि काय सोडून द्यायचं, ही निवड तिच्या मेंदूला जड जाते. लक्ष नसणं हा तिच्या आजाराचा भाग आहे. त्यासाठी तिला एका पायावर उभं करणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखं आहे.

तरी मार्चमध्ये तिने बरीच बटणं दाबली होती. या वेळी एकही नाही. नुसते ओठ हलत होते. टोपी काढल्यावर मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "मावशी मध्येच विचारते ना, मी काय म्हणाले? मग आधी तिला सांगावं लागतं. नाहीतर पाय." तुम्ही त्या वेळी बाहेर बाकावर बसला होतात.

आजार तुमच्यामुळे झाला नाही. पण पूर्वीचा आवाज मजले मोजणारा होता. आताचा तुमचा आहे, तो तिला दिवसभर प्रश्न विचारतो आणि चुकलं की शिक्षा सांगतो. औषध बंद झाल्याने तो बळावला. औषध परत सुरू केलं आहे, ते एक दिवसही थांबवू नका. आणि तिने तुमच्याकडे राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचा आवाज डोक्यात आहे तेच माणूस दिवसभर समोर वावरलं, तर खरं कोणतं हे तिला कसं कळणार? तिच्या आईने तिला न्यावं. पुढच्या महिन्यात दोघी मला भेटा.

मुलांच्या विभागाची डॉक्टर


२३ ऑगस्ट

छकू,

सोबत डॉक्टरांचं पत्र आहे. वाच, आणि आता तूही कूस बदल.

तू मला लिहिलंस, तिला ऐकू येतं. 'भलतं ऐकू येतं' असं लिहायला एकच शब्द जास्त लागला असता. तेवढ्या शाईची कंजुषी केलीस आणि मी एका आजारी पोरीला एका पायावर उभी केली. मला वाटलं कान चांगले आहेत. कुणालाही तेच वाटलं असतं. त्या पोरांना मी तिच्यावर हसू दिलं, जेवण तोडलं, आणि बाहेरच्या बाकावर बसून मनात म्हणत होते की डॉक्टर आता माझी पाठ थोपटतील. सोनारानेच कान टोचले.

परवा तिला जवळ घेतलं. म्हटलं, टिकले, मी तुला आता काही विचारणार नाही, घाबरू नकोस. तर तिने ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?" मला माझाच आवाज नकोसा झालाय. दोन दिवस मी घरात खुणांनी बोलते. तिला त्याने काही फरक पडत नाही, तिच्याकडे मी बोलतेच आहे.

तू तिला घेऊन जा. नवऱ्याला खरं सांग. तो नसेल नेत तर तू त्याला सोड. तुझ्यासाठी मी उभी राहीन, खोली आहे, भाकरी आहे. पण या पोरीला माझ्यापासून लांब ने, तुझ्या पाया पडते. मोठी असून पडते.

ताई


१४ सप्टेंबर

ताई,

मुलगा झाला. वजन चांगलं आहे. आवाज खणखणीत आहे. हे त्याला सोडून हलत नाहीत, इतकं हसताना मी यांना कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टरांचं पत्र मी फाडलं. घाबरू नकोस, आधी वाचलं. तू मला एका शब्दाचा हिशेब मागतेस. मग मीही मागते. तिच्या डोक्यात माझा आवाज नाही, यांचा नाही, तुझा आहे. लिफ्टवाली माझ्या घरातली होती, तिने पोरीला कधी उपाशी ठेवलं नाही. तिला तू हाकललंस आणि तिच्या जागेवर स्वतः जाऊन बसलीस, वर मला तोंड गोड कर म्हणालीस. ते पत्र मी फाडलेलं नाही.

मी तिला इथे आणू शकत नाही. ती पाळण्याजवळ उभी राहून तुझ्या आवाजाला उत्तरं द्यायला लागली तर यांची आई मला दोन्ही पोरांसकट बाहेर काढेल. तू म्हणतेस सोड नवऱ्याला. तुझा कधी होता का, की तुला सोडणं माहीत असावं? एक पोर गेलंच आहे, ताई. दुसऱ्याचं घर मी मोडणार नाही.

तिला तू बिघडवलीस तर तूच ठेव. आवाज तुझा, माणूसही तू, दोन्ही एका जागी राहिलेले बरे. डॉक्टरांकडे परत नेऊ नकोस, ते विचारत बसतील आणि मग कुठेतरी लिहून ठेवतील. गोळ्या आणून देत जा. मुठी झाकलेल्या आहेत तोवर दोघींच्याही सव्वा लाखाच्या. तुझ्या शिकवणीला येणाऱ्या पोरांच्या आयांना ते स्टूल, तो एक पाय आणि तो डिंक कळला, तर फळा पुसायलाही कुणी येणार नाही. मला हे लिहायला लावू नकोस.

टिकलीला सांग, भाऊ झाला.

छकू


५ ऑक्टोबर

छकू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. धाकटी असून तू माझ्यापेक्षा कडक निघालीस. आई असती तर तुलाच शाळेवर पाठवली असती.

ठेवते. दुसरं काय करणार? शिकवणी गेली तर मी दिवसभर या घरात एकटी काय करू? बरेच दिवस रडले, मग रडणं आटलं. भेटीचा दिवस आला आणि गेला, आम्ही गेलो नाही. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, आईने नेली. माझा आवाज जराही हलला नाही.

गोळी देते. सकाळची देते. संध्याकाळची दिली की ती शिकवणीत पेंगते आणि पोरं विचारतात, म्हणून ती देत नाही. मधोमध राहिलेलं बरं. मी खुणांनी बोलणंही सोडलं, उपयोगच नव्हता. आणि एक गंमत सांगू? सुरुवातीला मला भीती वाटायची, आता सोय वाटते. मी बाजारात जाते, तासाने येते, तर ही स्टूलवर जशीच्या तशी. मी विचारलं, उठली नाहीस? म्हणे, "तू ऊठ म्हणालीच नाहीस." दार उघडं होतं. पूर्वी मला घसा फोडावा लागायचा, आता मी घरात नसले तरी चालतं. जी झाली ती चूक झाली, ती काही धुऊन निघत नाही. निदान आता ती माझं ऐकते.

भाऊ झाल्याचं सांगितलं. तिनेच पत्र लिहायचं म्हटलं. मजकूर मी सांगितला, लिहिलं तिने. सोबत पाठवते.

ताई


प्रिय आई,

मी इथे मजेत आहे. मावशी मला छान सांभाळते. भाऊ झाला ऐकून आनंद झाला. बाळाला माझा पापा. मी काय म्हणाले. बाळाला माझा पापा. बरोबर. खोली पिवळी आहे का. हे लिहायचं नव्हतं. मावशी खिडकीजवळ बसून सांगते आहे आणि माझ्या मागे पण उभी आहे. खिडकीतली म्हणते लिही, मला न्यायला येऊ नका, मी इथेच खूश आहे. मागची पण तेच म्हणते. आधी दोघी वेगवेगळं म्हणायच्या तेव्हा मला कळायचं नाही कुणाचं ऐकायचं. आज दोघी एकच म्हणाल्या. म्हणजे ते खरं आहे. मला न्यायला येऊ नका.

तुझी
टिकली, चौथा मजला

ता. क. छकू, अक्षर बघ किती एकसारखं आलंय. ते मधलं वाकडंतिकडं मी खोडायला सांगणार होते, पण म्हटलं राहू दे, तू समजून घेशील. अख्खं पान लिहिताना एकदाही मान वर केली नाही. पाकिटात घालण्याआधी शिकवणीच्या पोरांना दाखवलं. म्हटलं, बघा, लक्ष देणं म्हणजे काय ते. आज कुणी हसलं नाही.